चौथी बाटली

शुक्रवारी रात्री लेकीने ओट्यावर पाण्याच्या बारा बाटल्या ओळीने मांडल्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण मांडावं तशा. प्रत्येक बाटली लिटरची. माणसं तीन. "प्रत्येकी चार," ती म्हणाली, "आणि यात घासाघीस नाही, आई."

घासाघीस मी केली नाही. मनात मात्र हसले. बँकेतली नोकरी सांभाळून तीस वर्षं सह्याद्रीत भटकलेली बाई मी. हरिश्चंद्रगड, रतनगड, राजगड ते तोरणा असले कितीतरी रविवार दोन बाटल्यांवर निभावलेले. पाणी संपलंच तर गडावर टाकं असतं, पायथ्याला एखादी मावशी ताक घेऊन बसलेली असते. इथे बेत काय, तर जाऊन-येऊन बारा किलोमीटर, आणि चढ म्हणाल तर आमच्या कोराईगडाइतकाही नाही. त्याला पाठीवर चार किलो नुसतं पाणी?

लेक आणि जावई लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला अर्व्हाइनला राहतात. तिथून पूर्वेला गाडीने अडीच-तीन तासांवर जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान आहे. 'उद्यान' म्हटल्यावर माझ्यासारखीच्या डोळ्यांपुढे बोरिवली येते: फाटक, तिकीट, काकडीवाला, माकडं. इथलं उद्यान सुमारे आठ लाख एकरांचं, म्हणजे त्यात बृहन्मुंबई पाच वेळा मावेल. वर्षाला तीस लाखांच्या आसपास माणसं इथे येतात, आणि तरीही त्या अख्ख्या पसाऱ्यात हॉटेल नाही, दुकान नाही, पेट्रोलपंप नाही. मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नाहीच. पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत ते कडेकडेला, प्रवेशाच्या जागांजवळ आणि एक-दोन तळांवर. आत शिरलात की जे पाठीवर आहे तेवढंच तुमचं. उद्यानाचे लोक माणशी दिवसाला निदान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर, पाणी न्यायला सांगतात. ऊन असेल किंवा चाल दमवणारी असेल तर दोन गॅलन. लेकीचा चारचा आकडा असा आलेला होता.

बेत आखायला ती दोघं आठवडाभर बसत होती आणि मी शेजारी भाजी निवडत ऐकत होते. आमच्याकडे ट्रेक ठरतो तो "कर्जतला पहिली लोकल किती वाजता?" या प्रश्नापासून. इथे सगळा हिशोब उलट्या टोकाने चालला होता. परत गाडीपाशी किती वाजता पोचायचं? तर एकच्या आत, कारण त्यानंतर वाटेवर सावली म्हणून राहत नाही. मग निघायचं कधी? उजाडता उजाडता. आणि मागे कुठून फिरायचं? याचं उत्तर जागेवर ठरत नव्हतं, पाण्यावर ठरत होतं: अर्धं पाणी संपलं की जिथे असू तिथून मागे. मग समोर काहीही दिसत असो.

हे शेवटचं कलम मला जरा भित्रट वाटलं. कळस शंभर पावलांवर असताना कोणी मागे फिरतं का?

एक चिठ्ठी फ्रिजवर लागली आणि तिचाच फोटो लेकीच्या मैत्रिणीला गेला. कुठल्या वाटेने जाणार, गाडी कुठे लावणार, गाडीचा नंबर काय. रात्री नऊपर्यंत निरोप आला नाही तर उद्यानाला फोन कर. कोयनेच्या जंगलात शिरताना आम्ही शेवटच्या घरातल्या दादांना सांगून जायचो, तसंच. फक्त इथे शेवटचं घर नव्हतं.

बाकी सामान थोडकं. रुंद कडांच्या टोप्या, पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, कागदावरचा नकाशा. शिदोरीला मी धपाटे केले आणि सोबत कैरीचं लोणचं. जावयाने खारे शेंगदाणे घेतले. नुसतं पाणी पीत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही तरी माणूस आडवा होतो, असं त्याचं म्हणणं. ते खरंही आहे. आणि एक साधी प्लास्टिकची फणी. "फणी कशाला?" तर म्हणे लागते. केस माझे मानेपर्यंत कापलेले, जावयाचे तर मोजून घ्यावेत इतके. मी पुढे विचारलं नाही.

मार्चअखेरचा शनिवार, दुसऱ्या दिवशी पाडवा. साडेचारला निघालो. सॅन गॉर्गोनिओच्या खिंडीत अंधारात पवनचक्क्यांचे लाल दिवे उघडझाप करत होते, पुढे उजाडलं, आणि सव्वासातला आम्ही दक्षिणेच्या दाराने आत शिरून कॉटनवुडच्या झऱ्यापाशी गाडी लावली. लावल्याबरोबर पिशव्या पाठीवर घेतल्या, आणि लेक बुटांच्या नाड्या बांधते आहे असं बघून मी चौथी बाटली हळूच काढून शालीत गुंडाळली आणि सीटखाली सरकवली. एक किलो कमी. गुडघ्यांना बरं, असं स्वतःला सांगितलं.

कॉटनवुडचा झरा म्हणजे वाळवंटाच्या मानाने चंगळ. कॉटनवुडची उंच झाडं, ताड, आणि पक्ष्यांचा गलका. इथल्या खडकांत उखळासारखे गोल खळगे आहेत. इथल्या मूळच्या कावीया लोकांच्या बायका त्यांत बिया कांडायच्या. नंतर सोनं शोधणारे आले, त्यांच्या खेचरांच्या गाड्याही याच पाण्यावर थांबायच्या. झुडपात एक काळा तुर्रेबाज पक्षी दिसला आणि मी नकळत "बुलबुल!" म्हणाले. बुलबुल नव्हता तो. फेनोपेप्ला. डोळा लालभडक, उडाला की पंखात पांढरा ठिपका उमटतो. हा बांडगुळाची फळं खातो आणि त्याच्या विष्ठेतून बांडगूळ पुढच्या झाडावर रुजतं. आपल्याकडे आंब्यावरच्या बांडगुळाचं असंच काम फुलटोचा हा चिमुकला पक्षी करतो. म्हणजे खातं तेच, फक्त कारकून वेगळा.

आमची वाट होती 'लॉस्ट पाम्स ओअॅसिस'ची, हरवलेल्या ताडांची. जाताना एकूण उतार, येताना चढ. हे वाचलं होतं, पण त्याचा अर्थ पायांना कळायला वेळ लागला. गडाची शिस्त सरळ असते: दम आहे तोवर चढा, दम संपला की उतरा. इथे ताज्या पायांना उतार मिळतो, वारा गार असतो, माणूस गप्पा मारत लांब जातो. वसुली परतीला.

पहिला तास निव्वळ सुखाचा. पायाखाली भरड, खारकेच्या रंगाची वाळू, तिच्यावर प्रत्येक पावलाचा 'चरचर' आवाज. दोन्ही अंगांना ब्रिटलबुशची पिवळी फुलं. ओकोटियो नावाच्या झुडपाच्या काठ्या जमिनीतून पंख्यासारख्या वर आलेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला शेंदरी तुरा, पाडव्याच्या गुढ्या कोणीतरी एक दिवस आधीच उभ्या केल्यासारख्या. आणि मग एका वळणावर फड्या! निवडुंगाचं नाव सांगतात ते बीव्हरटेल. पण तळहातासारखी ती फडी बघितल्यावर मला देशावरचे बांधच आठवले. नात्याने हे बरोबरच आहे. आपला फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. रंग देणारे किडे पोसण्यासाठी इंग्रजांच्या काळात तो भारतात आणला आणि मग आवरेनासा झाला. उलट ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडुंग म्हणत आलो तो चिकाचा त्रिधारी निवडुंग खरं तर निवडुंगाच्या कुळातला नाहीच, तो एरंडाच्या गोतावळ्यातला. फड्याच्या माहेरी येऊन त्याला बोट लावायचा मोह झाला. लेकीने हात ओढला. काटे दिसत नव्हते, पण फडीवरच्या प्रत्येक ठिपक्यात केसाएवढ्या कुसळांचा झुबका असतो आणि तो बोटातून दोन दिवस निघत नाही.

दुसऱ्या तासाला वाट कोरड्या ओढ्यात उतरली. इथे त्याला 'वॉश' म्हणतात. पाऊस बहुतेक भागात वर्षाला जेमतेम चार-पाच इंच, आमच्या ताम्हिणीत एका दुपारी पडतो तेवढा. पण पडतो तो एकदम, आणि मग हे ओढे क्षणात दुथडी भरतात. उरलेले दिवस ते रुंद, सपाट, वाळूचे, अगदी रस्त्यासारखे. तिथेच फसगत. वाट ओढ्यातून शे-दोनशे पावलं जाऊन बाजूच्या टेकाडावर चढते आणि ओढा मात्र "या, या" म्हणत पुढे जातो. वाळूत पावलांचे ठसे पुढेही असतात. चुकलेल्यांचेच असतात ते. आपल्याकडे ढोरवाटा चुकवतात, पण ढोरवाट शेवटी कुठल्यातरी गोठ्यापाशी नेते. आम्ही बोलण्याच्या नादात शंभरेक पावलं पुढे गेलो. जावई थांबला, नकाशा काढला, मागे वळून म्हणाला, "आई, शेवटचा खांब कधी बघितला आपण?" कोणालाच आठवेना. मुकाट्याने खांबापर्यंत मागे आलो. खांबावर बाण होता, ढळढळीत.

त्याच टेकाडावर एका खडकाच्या कपारीत हातभर लांबीची, जाडजूड, काळपट पाल उन्हात पहुडली होती. आमची चाहूल लागताच फटीत घुसली आणि तिथे फुगली. म्हणजे खरोखर हवा भरून घेऊन टम्म फुगली आणि दगडात घट्ट बसली. आता तिला ओढून काढणं कोणाच्या बापाला जमणार नाही. सिंहगडाच्या घोरपडीची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते सांगायला नको. तिचं नाव लेकीने सांगितलं तेव्हा मी हसून खालीच बसले. चकवाला! नुकताच आम्हाला चकवा लागलेला.

खडक हा इथला दुसरा चमत्कार. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, काळा, पायऱ्यापायऱ्यांचा. इथला ग्रॅनाइट जमिनीखाली सावकाश थंड झाला, त्याला उभ्याआडव्या भेगा गेल्या, भेगांतून झिरपलेल्या पाण्याने आतल्या आतच त्याचे कोपरे खाल्ले, आणि वरची माती धुऊन गेल्यावर हे गोलमटोल धोंडे उघडे पडले. म्हणजे या कोरड्या मुलखालाही घडवलंय पाण्यानेच. हात लावला तर खरबरीत, पोलिश पेपरसारखा. जगभरचे प्रस्तरारोहक यासाठीच इथे येतात.

साडेनऊला मी टोपी काढली आणि तिच्या कडेला पांढरी रेघ दिसली. आधी वाटलं सनस्क्रीन लागलंय. मीठ होतं. घाम आला असं मला सकाळपासून एकदाही वाटलं नव्हतं! मुंबईच्या दमटपणात घाम टपटपतो, पदराने पुसावा लागतो, तो तुम्हाला सांगतो की बाई, थांब. इथली हवा तो त्वचेवर येण्याआधीच पिऊन टाकते आणि माणूस कोरडाठणठणीत राहून आतून आटत जातो. घसा मात्र सारखा सुकत होता आणि मी सवयीच्या दुप्पट पाणी पीत होते. दुसरी बाटली कधी संपली ते कळलंही नाही.

सव्वादहाच्या सुमारास वाट एका कड्यावर येऊन थांबली. खाली दरी. आणि दरीच्या तळाशी, त्या तांबूस-करड्या धोंड्यांच्या ढिगाऱ्यात, हिरवे ताड. एकदोन नव्हेत, शंभराच्या घरात. कॅलिफोर्नियाच्या या वाळवंटातला हा मूळचा एकमेव ताड, वॉशिंग्टोनिया, जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाचा. पानं आपल्या ताडासारखीच पंख्याच्या आकाराची, पण वाळलेली झावळी गळून पडत नाही. ती खोडालाच लटकत राहते आणि झाडाला घेरदार परकर नेसवल्यासारखं दिसतं. त्या परकरात वटवाघळं राहतात. ताड असतो तिथे पाणी असतं, कारण त्याची मुळं लांब जात नाहीत, त्याला पाणी जवळच लागतं. आणि पाणी वर येतं ते जमिनीतल्या मोठ्या भेगांपाशी: खालून वाहणारं पाणी भेगेवर अडतं आणि वर ढकललं जातं. सबंध उद्यानात अशा ताडांच्या राया फक्त पाच आहेत. कावीया लोक त्यांची फळं खायचे, झावळ्यांनी घरं शाकारायचे, आणि मुद्दाम राई पेटवायचेही. परकर जळून जायचा, कीड मरायची, खोड टिकायचं, आणि पुढच्या वर्षी फळ जास्त धरायचं. आमच्याकडच्या राबाची आठवण झाली.

कड्यावरून खाली उतरायला धोंड्यांतून घसरडी, तीव्र वाट. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. झावळ्यांची सळसळ वर ऐकू येत होती. मी पट्टे आवळले.

"बाटल्या काढा," लेक म्हणाली.

तिच्याकडे अडीच लिटर, जावयाकडे अडीच. माझ्याकडे एक, तीही खांद्यापर्यंत.

"तुझी चौथी?"

खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. गाडीत राहिली, म्हणाले. 'राहिली' या शब्दात जेवढं लपवता येईल तेवढं लपवलं. जावई म्हणाला, माझ्यातलं देतो की. लेक काही क्षण दरीत बघत राहिली. मग म्हणाली, नाही. तीन माणसांचं मिळून सहा लिटर, अर्ध्यावर आलोय. खाली उतरून पुन्हा हा कडा चढायचा, आणि मग गाडीपर्यंतचा सगळा चढ बाकीच आहे. आपण इथेच बसू.

रागाचा स्वर नव्हता, तेच जास्त लागलं. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य किल्ला बांधण्याआधी पाणी बघायला सांगतात, हे मी स्वतः शेकडो पोरांना राजगडावर उभं राहून ऐकवलेलं आहे.

एका धोंड्याची हातभर सावली होती, तिच्यात पाय ओढून बसलो. धपाट्यांच्या कडा कोरड्या हवेने पापडासारख्या झाल्या होत्या; लोणच्याच्या तेलात बुडवून खाल्ले. लोणचं इतकं चांगलं मला कधी लागलेलं नाही. दुर्बीण आळीपाळीने फिरली. तासभर त्या ताडांकडे बघत बसलो, आणि खाली गेलो असतो तर एवढा वेळ नुसतं बघत बसलो नसतो, हेही खरंच.

परतीचं फार सांगत नाही. चढ, ऊन, वाळू. शेवटच्या टप्प्यात जावयाने न बोलता त्याची बाटली माझ्या पिशवीच्या कप्प्यात खोचली आणि मीही न बोलता प्यायले. एकला पाच कमी असताना गाडी दिसली. सीटखालून शाल ओढली. बाटलीतलं पाणी चहा टाकण्याच्या बेताचं तापलं होतं.

कॉटनवुडच्या माहितीकेंद्रात प्रवेशाचे पैसे भरले; गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतात. काउंटरवरच्या रेंजरबाईंनी आम्ही कुठे जाऊन आलो ते ऐकलं आणि पहिला प्रश्न पाणी किती नेलं होतं हाच विचारला. मी नळावर बाटल्या भरायला सटकले.

तिथून रस्ता उत्तरेला पिंटोच्या खोऱ्यातून जातो. या उद्यानात दोन वाळवंटं एकमेकांना टेकतात. दक्षिणेचं सखल, जास्त तापणारं कोलोरॅडो, म्हणजे कोलोरॅडो नदीच्या नावाचं. आणि साधारण तीन हजार फुटांच्या वर मोहावी. गाडीतून चढत जाताना ओकोटियो मागे राहतात. मध्ये चोया निवडुंगांचं एक अख्खं रान लागतं. उतरत्या उन्हात ते अंगभर मखमल चढवल्यासारखे चमकत होते. त्याला इथे टेडी बेअर म्हणतात. मी पायवाटेच्या मधोमध, साडी सावरावी तशी पँट सावरत चालले होते. तरीही एक लिंबाएवढा गोळा घोट्याजवळ येऊन चिकटला. काट्यांना उलटे दाते असतात. ओढला तर बोटालाही धरतो. लेकीने खिशातून फणी काढली, गोळा आणि कातडी यांच्या मध्ये अलगद सरकवली आणि झटक्यात उडवला. घोट्यावर रक्ताचे सहा ठिपके राहिले. फणी तिने परत खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. आता तरी मी काही बोलले नाही, हे नमूद करते.

आणि मग, चढ संपता संपता, ज्यांच्या नावाचं हे सगळं आहे ते जोशुआ. झाड म्हणावं तर लाकडाला वर्षांची कडी नाहीत, त्यामुळे नेमकं वय सांगता येत नाही. हा युक्काचा, म्हणजे घायपाताच्या नात्यातला. वर्षाला फार तर दोन-तीन इंच वाढतो. प्रत्येक फांदीच्या टोकाला सुऱ्यांचा गुच्छ, आणि फांद्या कशाही, कुठल्याही दिशेला. याचं परागीभवन करतो तो फक्त युक्काचा छोटा पतंग. मादी पराग गोळा करून स्वतः फुलात भरते, तिथेच अंडी घालते, आणि तिच्या अळ्या थोड्या बिया खाऊन बाकीच्या सोडतात. बिया लांब नेणारा एक प्राणी मात्र गेला. गाईएवढा जमिनीवरचा स्लॉथ. हिमयुग संपताना तो नाहीसा झाला. आता खारी-उंदरांच्या भरवशावर जंगल सरकतं, आणि हवा तापते आहे त्या वेगाने त्याला सरकता येत नाही. (याच झाडाच्या नावाचा 'यू टू'चा १९८७ चा अल्बम जावयाचा लाडका. त्यातल्या फोटोतलं झाड इथे शोधायला लोक येतात. ते इथे नव्हतंच, पार उत्तरेला डेथ व्हॅलीच्या बाजूला होतं.)

हे सगळं उरलं ते मिनर्व्हा हॅमिल्टन हॉइट या बाईंमुळे. साउथ पॅसाडीनाच्या श्रीमंत घरातल्या, बागेचा नाद असलेल्या. तान्हा मुलगा गेला, १९१८ मध्ये नवरा गेला, आणि त्या वाळवंटात रमू लागल्या. त्या काळात लॉस एंजेलिसच्या बागांमध्ये निवडुंग लावायची टूम निघाली होती आणि लोक गाड्या भरभरून झाडं उपटून नेत होते. वाळवंटात कोणाला राग येणार? बाईंना आला. त्यांनी न्यूयॉर्क, बोस्टन, लंडनच्या पुष्पप्रदर्शनांत वाळवंटाचे देखावे उभे केले. ज्यांनी कधी वाळवंट पाहिलं नव्हतं त्यांच्यापुढे वाळवंटच नेऊन ठेवलं. शेवटी १९३६ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवला. १९५० मध्ये खाणवाल्यांसाठी त्याचा मोठा लचका तोडला गेला. राष्ट्रीय उद्यान झालं ते १९९४ मध्ये. मराठी मध्यमवर्गात 'बागकामाची आवड असलेली बाई' हे जरा कौतुकाने, जरा हसून म्हणतात. यापुढे मी तरी हसणार नाही.

सूर्यास्ताला कीज व्ह्यूला होतो, ५,१८५ फुटांवर. खाली कोचेला खोरं, त्यातून गेलेली सॅन अँड्रियासची भेग, लांब सॉल्टन समुद्राची चकाकी. ऊन गेलं आणि पंधरा मिनिटांत शाल लागली. तिच्यातून बाटली काढावी लागली, एवढंच. परतताना एका मोकळ्या जागी गाडी थांबवून दिवे घालवले. मृग पश्चिमेला कलला होता, आणि पहिल्यांदा मला त्याच्या आजूबाजूच्या ताऱ्यांच्या गर्दीत तो शोधावा लागला. जोशुआंच्या काळ्या फांद्या मध्ये मध्ये. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग लेकीने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, चला.

पश्चिमेच्या फाटकाबाहेर गावाचे दिवे दिसले आणि तिन्ही फोन एकदम टुणटुणले. लेकीने मैत्रिणीला लिहिलं, "आलो." लगेच उत्तर: "दहा मिनिटं राहिली होती. उद्यानाचा नंबर काढून बसले होते."

मी सीटवर मागे टेकले आणि चौथी बाटली उघडली. पाणी आता गार झालं होतं.